सोयरी

“कितले दीस आसा गो?” हा प्रश्न गोव्यातल्या प्रत्येक माहेरवाशिणीच्या ओळखीचा आहे. चवथीला आलेल्या मुलीला तो विचारला जातो तेव्हा त्यात नुसती माया असते आणि “चार दीस” एवढे उत्तर पुरते. बारा वर्षांपूर्वी मी मुंबईचा संसार आवरून फोंडा महालातल्या आमच्या गावी कायमची परत आले, तेव्हा हाच प्रश्न मला देवळाच्या पायऱ्यांवर, बसथांब्यावर, सकाळी पोदेराच्या सायकलीभोवती पाव घेताना पुन्हा पुन्हा विचारला गेला आणि मला त्याचे उत्तर देता येईना. विचारणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात वाईट नव्हते, हे आज मी खात्रीने सांगू शकते. त्या वेळी मात्र त्या चार शब्दांनी माझी घराबाहेर पडण्याची उमेद संपवली होती, आणि जिथे हा प्रश्न विचारणारे कोणीच नसेल अशा जागी जाऊन राहावे, एवढी एकच इच्छा मनात उरली होती.

त्या दिवसांत एक अभंग माझ्या ओठी बसला. तो सगळ्या महाराष्ट्राला आणि गोव्याला पाठ आहे: ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें । पक्षी ही सुस्वरें आळविती ॥’ आमच्या घरात बोलणे, रागावणे, हिशेब मागणे सगळे कोंकणीत चालते, पण देवासमोर उभे राहिले की मराठी येते. भजनाची वही मराठी, आरती मराठी, सप्ताहात रात्रभर चालणारे अभंग मराठी. माझे बाबा गावच्या भजनात पेटी धरत. त्यांच्या वहीत हा अभंग निळ्या शाईने लिहिलेला होता. मी मात्र तो मनात धरला होता तो लता मंगेशकरांच्या आवाजातला, श्रीनिवास खळे यांच्या चालीतला, लहानपणी सकाळी रेडिओवर ऐकलेला. त्या गाण्यात कसली घाई नाही. प्रत्येक ओळ पुरेसा श्वास घेऊन येते, आणि ‘एकांताचा वास’ हे शब्द उच्चारताना तो आवाज असा निवतो, की ऐकणाऱ्यालाही घर सोडून त्या वासाला जावेसे वाटते.

मला ते गाणे म्हणजे निघून जाण्याची परवानगी वाटली होती. तुकोबांसारखा माणूस माणसांना सोडून झाडांकडे गेला, तर मी का जाऊ नये? मी गेलेही. घरापासून अर्ध्या तासाच्या चालीवर डोंगराच्या कुशीत आमचे कुळागर आहे. तिथे अवजारे ठेवण्यासाठी बांधलेली एका खोलीची जागा होती. दादाने कौले शाकारून दिली, मी एक चटई, एक कंदील, दोन भांडी आणि बाबांची वही घेऊन तिथे राहायला गेले. पहिले दोन महिने फक्त दिवसाच गेले, पुढे रात्रीही राहू लागले.

गोव्याबाहेरच्या वाचकासाठी कुळागर म्हणजे काय ते थोडे सांगायला हवे. डोंगरातून झर फुटते, तिचे पाणी पाटाने उतारावर फिरवलेले असते आणि त्या पाण्याच्या आधाराने माड, पोफळी, केळी, फणस, जायफळ, अननस असे सगळे एकात एक लावलेले असते. वरून पाहिले तर रान वाटावे इतके दाट. पण त्यातले बहुतेक झाड कोणीतरी हाताने लावलेले, कोणत्या झाडाची सावली कोणावर पडावी याचा विचार करून लावलेले. पोफळीच्या कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही म्हणून शेजारी केळ लावतात. पोफळ वाढली की तिच्या खोडावर मिरीचा वेल चढवतात. मिरीच्या वेलाला पेरापेरातून बारीक मुळ्या फुटतात आणि त्या पोफळीच्या सालीला अशा चिकटून बसतात, की वेल ओढून काढायला गेले तर मुळी आधी तुटते, सुटत नाही. मी तिथे बसून कितीतरी वेळ ते पाहत असे. एका वेलाची वरची फांदी वाऱ्याने सुटून लोंबत होती. तिच्या मुळ्या हवेत वाळून तपकिरी झाल्या होत्या, पण शेंड्याकडचे एक नवे हिरवे पेर पुन्हा खोडाच्या बाजूला वळले होते. मी ती फांदी केळीच्या सोपटाने खोडाला सैलसर बांधली. आठ-दहा दिवसांत तिने साल धरली.

मी एकांताला आले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर एकटे असे काहीच नव्हते. हे तेव्हा जाणवले असे म्हणणे खोटे होईल. तेव्हा मी फक्त बांधून ठेवले.

पळून येणाऱ्यांचा आणि गोव्याचा संबंध जुना आहे. 1961मध्ये गोवा मुक्त झाला, आणि त्यानंतर काही वर्षांतच युरोप-अमेरिकेतले तरुण तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान अशी खुष्कीची वाट तुडवत हणजुणच्या किनाऱ्यावर येऊन राहू लागले. आपल्या देशातल्या नोकरीला, युद्धाला, शिस्तीला ते कंटाळले होते, आणि माडांच्या सावलीत त्यांना आपले कोणी लागत नसलेले जग सापडले. त्यांच्या त्या ओढीला मी नावे ठेवणार नाही, कारण ती मला फार जवळून ठाऊक आहे. पण ज्या किनाऱ्याला ते निर्जन समजले, तिथे मासेमारी करणारी, ताडी काढणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, आणि ज्यांनी समाज सोडला होता त्यांनी थोड्याच काळात तिथे आपला बाजार भरवला. हणजुणचा बुधवारचा बाजार त्यातूनच उभा राहिला. आज आसगाव, शिवोली, मयडे या गावांत शहरांतून माणसे शांतता शोधत येतात, जुनी घरे घेतात. त्यांनाही आमची गावे गाण्यातल्या रानासारखी वाटत असावीत. एकाच्या एकांताची जागा ही दुसऱ्याची चावडी असते, ही गोष्ट गोव्यात राहणाऱ्याला रोज दिसते.

आणि आमच्याकडे माणसांच्याही आधी देव पळून आले. सोळाव्या शतकात जुवारी नदीच्या पलीकडे पोर्तुगीज अमलात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा 1560च्या सुमारास भाविकांनी कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला, आजच्या मंगेशीला आणला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा मार्दोळला आली. अंत्रुज महाल, म्हणजे आमचा फोंडा, तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता म्हणून ही वाट मोकळी होती. रात्रीच्या काळोखात होडीतून आलेल्या त्या देवांना रानात आसरा मिळाला, आणि मग काय झाले? देवळे उठली, तळी खोदली गेली, पालखीचे दिवस ठरले, महाजनांचे मान ठरले, कोणी समया लावायच्या आणि कोणी चौघडा वाजवायचा ते ठरले. ज्या जागी लपायला आले तिथेच अख्खा समाज उभा राहिला, त्याच्या मायेसकट आणि त्याच्या उतरंडीसकट.

ज्या आवाजात मी हा अभंग ऐकला, त्याचे नावही तिथलेच आहे. दीनानाथ मंगेशकर 1900मध्ये मंगेशीला जन्मले. गावावरून त्यांनी आडनाव घेतले आणि ते लताबाईंकडे आले. दीनानाथांच्या आई येसूबाई मंगेशीच्या देवळात सेवा करणाऱ्या, गाणाऱ्या घराण्यातल्या. अशा घराण्यांच्या वाट्याला गोव्यात काय आले, ते आमच्या पिढीने वडीलधाऱ्यांच्या अर्धवट सोडलेल्या वाक्यांतून ऐकले आहे. त्यांचे गाणे ऐकायला सगळे गाव बसत असे आणि गाणे संपल्यावर त्यांनी कुठे बसायचे हेही तेच गाव सांगत असे. गुण गळ्याचा, दोष जन्माचा, आणि दोन्ही एकाच माणसाच्या अंगाला चिकटवलेले. आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर अशाच परंपरेतून मुंबईला गेल्या आणि जयपूर घराण्याच्या थोर गायिका झाल्या. 1977मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरच्या संगीताची जी तबकडी अंतराळात पाठवली गेली, तिच्यात भारताच्या वतीने त्यांची भैरवी आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाई गेल्या. त्या भैरवीचे बोल ‘जात कहां हो’ असे आहेत. कुठे चाललीस, असे एका बाईला विचारणारे ते शब्द ताऱ्यांमधल्या अवकाशात जाऊन पोचले आहेत, आणि मला गावच्या बसथांब्यावर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नापासून ते फार दूरचे वाटत नाहीत.

मी हे सगळे सांगते आहे ते ‘नाहीं गुण दोष अंगा येत’ या ओळीसाठी. ती ओळ इतकी वर्षे मी म्हणत होते आणि तिच्यातला एक शब्द मला ऐकूच येत नव्हता. एकांतात दोष अंगाला लागत नाहीत, हे माझ्या मनासारखे होते. लोकांची बोलणी तिथे पोचणार नाहीत, एवढाच अर्थ मी घेतला होता. पण तुकोबा आधी ‘गुण’ म्हणतात. गुणही अंगाला येऊ नयेत असे त्यांना वाटते. कौतुकापासूनही सुटका हवी, हे मागणे मला पहिल्यांदा कळले ते एका हिशेबाच्या वहीमुळे. त्या सुमारास मी फोंड्यातल्या एका दुकानाचे हिशेब लिहायला घेतले होते, वह्या कुळागरात आणून संध्याकाळी लिहीत असे. जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या बाजूला, आणि पान संपताना दोन्हींचा मेळ. एका संध्याकाळी लिहिता लिहिता लक्षात आले, की गाव माझेही असेच खाते लिहीत आले होते. ‘हुशार मुलगी’, ‘शिकलेली’, ‘वडिलांचे नाव काढील’ हे सगळे लहानपणापासून जमेला पडलेले होते, आणि परत आल्यावर जे नावे पडले ते त्याच पानावर पडले. जमेचे आकडे मला आवडत होते तोवर नावेचे आकडे टोचणारच होते. पान एकच असते.

तुकोबांना ही वही माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगली ठाऊक होती, कारण ते घर महाजनकीचे, सावकारीचे. 1630च्या सुमाराच्या मोठ्या दुष्काळात त्यांचे सगळे गेले. पहिली बायको अन्नावाचून गेली, गुरे गेली, व्यापार बुडाला, पत गेली. त्यावर त्यांनी ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’ असे लिहिले, आणि परंपरा सांगते की लोकांकडून येणे असलेल्या रकमांची आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली. ज्याने दुसऱ्यांची खाती पाण्यात सोडली, त्याला आपलेही खाते कोणी लिहू नये असे वाटणे साहजिक आहे. ‘अंगा येणे’ हा शब्दप्रयोगही वहीच्या फार जवळचा आहे. देणे अंगावर येते, तसे गुण आणि दोष अंगावर येतात.

छापील गाथेत या अभंगाचे ध्रुपद पहिल्या कडव्याला नाही. ‘ध्रु’ ही खूण दुसऱ्या कडव्यापुढे आहे, ‘येणें सुखें रुचे एकांताचा वास । नाहीं गुण दोष अंगा येत’ या ओळींपुढे. गाताना आपण फिरून ‘वृक्षवल्ली’वर येतो आणि त्यामुळे ते झाडांचे गाणे झाले आहे, पर्यावरणदिनाच्या फलकांवर तेवढीच एक ओळ लिहिलेली असते. त्याबद्दल माझी तक्रार नाही, झाडे लावली जात असतील तर ती ओळ कुठेही लिहावी. पण गाथेतल्या खुणेप्रमाणे म्हणून पाहिले, प्रत्येक कडव्यानंतर गुणदोषांच्या ओळीवर परतून पाहिले, की अभंगाचा भार सरकतो. झाडे, आकाश, वारा हे सगळे त्या एका सुटकेचे वर्णन होऊन बसतात.

मग एके दिवशी तो अभंग माझ्यासमोर पुरता उलटला. वैशाखातली दुपार होती. खालच्या वाडीत लग्न होते आणि वाजंत्रीचा आवाज उतारावरून वर येत होता. मला आमंत्रण होते, मी गेले नव्हते. वही उघडून मी नेहमीप्रमाणे अभंग वाचायला घेतला आणि वाचता वाचता थांबले. सोयरी. हा शब्द लग्नानेच तयार होतो. सोयरीक जुळल्याशिवाय सोयरा होत नाही. रक्ताचे ते भाऊबंद, आणि जोडलेले ते सोयरे. तुकोबा झाडांना भाऊ म्हणत नाहीत, मित्र म्हणत नाहीत, सोयरी म्हणतात. पुढे पक्षी सुस्वर आळवतात, म्हणजे गाणारे आले. ध्रुपदानंतरच्या ओळीत आकाशाचा मंडप आहे आणि बसायला पृथ्वीचे आसन आहे. त्यानंतर वारा ‘अवसरु’ जाणवितो, वेळ झाली हे कळवतो; पूर्वी मुहूर्ताची घटका भरली हे सांगायला घटिकापात्राशी कोणीतरी बसत असे, ते काम इथे वाऱ्याकडे आहे. आणि शेवटी भोजन, तेही साधे नाही, ‘परवडी विस्तार’, नाना प्रकारांचे वाढप. खाली वाडीत जे चालले होते, तेच सगळे माझ्या मांडीवरच्या पानावर होते. सोयरे, सूर, मांडव, आसने, मुहूर्त, पंगत.

लोकांना सोडून निघालेल्या माणसाने डोंगरावर जाऊन लग्नाचा मांडव घातला होता. मांडव आकाशाएवढा असल्यामुळे त्याच्या बाहेर कोणी उभे राहू शकत नाही. आसन पृथ्वीएवढे असल्यामुळे कोणी कुठे बसायचे हे ठरवता येत नाही. जेवणात हरिकथा असल्यामुळे पंगत उठत नाही आणि पहिली, दुसरी, शेवटची असेही होत नाही. मंगेशीच्या देवळात गाऊन झाल्यावर कडेला बसणाऱ्या बाईला या मांडवात कडाच सापडणार नाही. मी त्या दुपारी रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. ज्या गाण्याचा हात धरून मी माणसांतून निघून आले होते, ते गाणे इतकी वर्षे मेळाव्याचेच गाणे होते.

अभ्यासक या वाचनाला काय म्हणतील याचा विचार मी केला आहे. वैराग्याच्या अभंगात लग्न पाहणे ओढूनताणून आणलेले वाटेल, आणि कंथा-कमंडलूची ओळ संन्याशाचीच आहे हे मलाही मान्य आहे. पण शब्द तुकोबांचे आहेत, मी एकही बाहेरून आणलेला नाही, आणि गावातल्या माणसाला सोयरे, मंडप, आसन, भोजन हे शब्द एका मागोमाग ऐकू आले तर त्याच्या डोळ्यांपुढे काय उभे राहील ते सांगायला पांडित्य लागत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती बाई म्हणून मला सोडवत नाही. देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबा दिवसचे दिवस बसत, आणि त्यांची दुसरी बायको जिजाई त्यांना शोधत भाकरी घेऊन डोंगर चढत असे, असे परंपरेत सांगतात. तिच्या पायात काटा मोडल्याची कथा कीर्तनात आजही रंगते. ती तापट होती, भांडत असे, असे सांगून लोक हसतात. मला तिच्या चढणीची आठवण येते. ‘हरिकथा भोजन’ हे खरेच, पण भाकरीही येत होती, आणि ती कोणीतरी उन्हातून आणत होते. एकांताचा वास ज्या माणसाला लाभतो, त्याच्यासाठी खाली चूल पेटवणारे कोणी असते.

माझ्यासाठी वहिनी होती. रोज सकाळी दहाच्या सुमारास ती पेजेचा डबा घेऊन उतार चढून यायची. डब्याच्या झाकणावर आंब्याच्या मिस्कुटाची एक फोड, कधी भाजलेला सुका बांगडा केळीच्या पानात गुंडाळलेला. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तिने मला किती दिवस राहणार असे विचारले नाही. ती पाटाच्या कडेला बसायची, पदराने मान पुसायची आणि मी वहीत डोके घालून बसलेली दिसले की म्हणायची, “पेज निंवता, पयलीं जेव.” मी जेवत असताना ती पाटातली पाने काढायची. मग रिकामा डबा विसळून ती उतरून जायची. जवळजवळ वर्षभर मी हे गृहीत धरले, आणि त्या वर्षभर मी स्वतःला एकटी समजत होते.

एकांताविषयी मला अनुभवाने जे कळले, ते अभंगाच्या शेवटच्या ओळीत आधीच आहे. ‘तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी ॥’ गाण्यात ही ओळ शांत वाटते, रात्री खोलीत कंदील मालवल्यावर ती तशी राहत नाही. कुळागरात रात्र लवकर होते. रातकिडे, पाटाचे पाणी, मधूनच पोफळीची विरी, म्हणजे झावळीचा रुंद देठ, सुटून खाली पडल्याचा धप्प आवाज. आणि या सगळ्याच्या वर, मी ज्यांना टाळून आले होते ती सगळी माणसे माझ्या डोक्यात बोलत असत. देवळाच्या पायरीवरच्या बायकांचे प्रश्न मी त्यांच्याच आवाजात स्वतःला विचारत असे आणि त्यांना मिळाले नसते इतके लांब उत्तर देत असे. ज्याच्यापासून वेगळी झाले होते त्याची बाजू मी मांडत असे आणि माझीही मांडत असे, आणि निकाल रोज पुढे ढकलला जात असे. गाव अर्ध्या तासाच्या चालीवर झोपलेले होते. ते माझ्याविषयी काहीही बोलत नव्हते. बोलत होते ते मी.

तुकोबा ‘संवाद’ आणि ‘वाद’ हे दोन्ही शब्द एकाच ओळीत ठेवतात. आधी संवाद होतो आणि मग वाद आपला आपल्याशी उरतो, असा अर्थ मी करते. बाहेरचा वादी गेला की माणसाला कळते की फिर्याद कोणाची होती. यासाठी रान लागते, हे मी नाकारणार नाही. चार माणसांत बसून हे मला कधीच कळले नसते. तिथे प्रत्येक वाक्याला कोणी ना कोणी धनी सापडतो आणि दोष त्याच्यावर टाकून झोपता येते. म्हणून निघून जावेसे वाटणाऱ्या माणसाला मी आज थांबवत नाही. माझ्या नात्यातली एक मुलगी गेल्या वर्षी फोनवर रडत म्हणाली, की कुठेतरी लांब जावेसे वाटते, जिथे मला ओळखणारे कोणी नसेल. मी तिला कुळागरात ये म्हटले. ती आली, पंधरा दिवस राहिली, आणि त्या पंधरा दिवसांत मी रोज दहा वाजता तिच्यासाठी पेज घेऊन गेले. उतार माझ्या आठवणीपेक्षा उभा होता.

मी स्वतः खाली कधी उतरले त्याला ठरलेला असा दिवस नाही. आमच्या झरीचे पाणी तीन कुळागरांत वाटून घेतलेले आहे; पाळी लावलेली असते, आणि ज्याची पाळी असेल त्याने पहाटे वरच्या तोंडाशी जाऊन दुसऱ्यांचे पाट बंद करायचे आणि आपला उघडायचा. दादाला त्या वर्षी कंबरदुखीने वाकता येत नव्हते म्हणून आमची पाळी माझ्याकडे आली. मातीच्या बांधात विरी आडवी रोवायची, वर ओली माती थापायची, पाणी कुठून झिरपते ते पाहून पुन्हा थापायची. हे काम मला दोन दिवसांत जमले. शेजारच्या कुळागरातली काकी, जिचा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला होता आणि जिला टाळण्यासाठी मी कितीदा वाट बदलली होती, तीही आपल्या पाळीला तिथेच येत असे. एका पहाटे मी बांध घालत असताना ती माझ्या शेजारी येऊन उकिडवी बसली आणि माझ्या हातून निसटणारी विरी तिने पलीकडून धरली. आम्ही दोघींनी मिळून माती थापली. पाणी थांबले, थोडे फुगले आणि आमच्या पाटाकडे वळले. तिने हात धुतले, लुगड्याला पुसले आणि जायला उठताना उद्याच्या पाळीचे विचारले,

“फाल्यां पाळी तुजी न्हय गो?”

मी हो म्हटले.